मुलगा गेममुळे मारकुटा झालाय का?

"मॅडम, त्या बीजीएमआयने माझ्या पोराला पार गुंड करून टाकलंय." समुपदेशनासाठी आलेली नववीतल्या मुलाची आई सांगत होती. (बीजीएमआय म्हणजे मोबाइलवर मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचा गोळीबाराचा गेम.) आदल्या आठवड्यात त्याने धाकट्या बहिणीला ढकललं, तिच्या कपाळाला टाके पडले. वर्गात मारामारी केली म्हणून शाळेतूनही बोलावणं आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ही भीती घेऊन बरेच पालक येतात, आणि ती उडवून लावण्यासारखी अजिबात नाही. हिंसक गेममुळे चिडचिड, आरडाओरडा काहीसा वाढू शकतो, असं अमेरिकन मानसशास्त्र संघटना मानते. मात्र त्यातून प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, हेही त्याच संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केलं. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या हजारभर ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला, त्यांच्या पालकांनाही विचारलं. हिंसक गेम खेळण्याचा आणि आक्रमकपणाचा संबंध त्यांना आढळला नाही.

म्हणून अशा वेळी मी गेमचं नाव बाजूला ठेवते आणि त्या दिवशी नेमकं काय घडलं ते विचारते. आई बाहेर गेल्यावर मुलगा हळूहळू बोलू लागला. रात्रीचे अकरा वाजलेले, चौघांची मॅच शेवटच्या टप्प्यात. पप्पांनी काही न सांगता वायफाय बंद केलं, फोन हिसकावला आणि कानाखाली वाजवली. बहीण म्हणाली, "बरं झालं." त्याने तिला ढकललं.

"मी अजून मेलोही नव्हतो मॅडम. मध्येच गेलो की बाकीचे तिघं हरतात." ते तिघं म्हणजे बार्शीचे जुने वर्गमित्र. पुण्यातल्या नव्या वर्गात त्याच्या बोलण्याच्या ढबीची रोज टिंगल व्हायची, मारामारीही त्यावरूनच झालेली. दिवसभरात त्याच्याशी धड बोलणारे तेवढे तिघंच, तेही रात्री गेमवर. झोपायला एक वाजायचा, शाळा सकाळी सातची.

व्यसन म्हणावं तर तसंही दिसेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, असं सगळं लागतं. हा रविवारी क्रिकेटला जात होता, क्लासही बुडवत नव्हता.

घरात ठरलं ते असं: साडेनऊनंतर नवी मॅच सुरू करायची नाही, पण चालू असलेली पूर्ण होऊ द्यायची. ती अर्ध्या तासात संपते. नंतर फोन आईच्या खोलीत. टिंगलीबद्दल आई वर्गशिक्षिकांशी बोलली. बहिणीला लागलं त्याची जबाबदारी मात्र त्याचीच, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. टाके काढायला तो तिच्यासोबत गेला.

मूल मुक्या जनावरांना छळत असेल, हत्यार जवळ बाळगत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर गेमवर वाद घालत बसू नका, ताबडतोब मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

या घरात अवघड गेलं ते वडिलांचं. "आम्ही मार खाऊनच मोठे झालो," हेच त्यांचं पालुपद. त्यांचा हात अजून पुरता थांबलेला नाही, म्हणून बैठका चालू आहेत. आता मुलगा क्वचितच येतो; वडील येतात.