वाचकांचे प्रश्न : तिळाहून लहान कवच आणि नाहीसा झालेला महासागर

प्रश्न : ऑस्ट्राकॉड नावाच्या सूक्ष्म प्राण्यांच्या जीवाश्मांवरून प्राचीन समुद्रांचा नकाशा मांडता येतो, असे वाचनात आले. समुद्रातला प्राणी तर कुठेही वाहत जाऊ शकतो. मग त्याची साक्ष ग्राह्य कशी मानायची? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर या प्राण्याच्या बालपणात सापडते. ऑस्ट्राकॉड हा कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला, बहुधा अर्धा ते दोन मिलिमीटर लांबीचा आणि चुनखडीच्या दोन झडपांत मिटून राहणारा जीव आहे. शिंपल्यांची किंवा गोगलगायींची पिल्ले अनेकदा पाण्यावर तरंगत दूरवर जातात. समुद्रतळावर राहणाऱ्या बहुतेक ऑस्ट्राकॉडांच्या आयुष्यात मात्र अशी तरंगती अवस्थाच नसते. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लूही दोन झडपांसह येते आणि जन्मल्या जागेच्या आसपासच वाढते. उथळ समुद्रातल्या अशा प्राण्याला खोल महासागर ओलांडणे फार अवघड असते.

इंग्लंड-वेल्स आणि स्कॉटलंड आज एकाच बेटावर असले, तरी ऑर्डोव्हिशियन काळात, म्हणजे सुमारे ४८.५ ते ४४.४ कोटी वर्षांपूर्वी, त्यांच्यामध्ये आयापेटस महासागर होता. (ॲटलासवरून अटलांटिक हे नाव पडले, म्हणून त्याआधीच्या या महासागराला ग्रीक पुराणातील ॲटलासच्या वडिलांचे नाव दिले गेले, भूवैज्ञानिकांनाही वंशावळीची हौस असते.) स्कॉटलंडमधील गिर्व्हन परिसरातले त्या काळचे ऑस्ट्राकॉड उत्तर अमेरिकेतल्यांशी नाते सांगतात, शेजारच्या वेल्समधल्यांशी तितके नाही. पुढे ऑर्डोव्हिशियनच्या उत्तरार्धात दोन्ही किनाऱ्यांवर समान प्रजाती वाढत गेल्या, म्हणजे महासागर आक्रसत होता. अर्थात, इंग्लंड-वेल्सचा भूखंड याच काळात दक्षिणेकडच्या थंड पट्ट्यातून उबदार पाण्याकडे सरकत असल्याने साम्याचे सगळे श्रेय घटलेल्या अंतराला देणे मला घाईचे वाटते.

कवच मेल्यानंतर वाहून आले असेल तर? ही शंका गाळ धुऊन, चाळून, ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच सूक्ष्मदर्शकाखाली वेचतानाच तपासली जाते. हा प्राणी प्रौढ होईपर्यंत अनेकदा, काही गटांत आठ वेळा, कवच टाकतो. त्यामुळे एकाच जातीची लहानापासून मोठ्यापर्यंत सर्व मापांची कवचे एकत्र मिळाली, तर ती वस्ती बहुधा तिथलीच असते. एकाच मापाची मिळाली, तर प्रवाहाने ती निवडून आणली असावीत असा संशय घेतला जातो.

गोड्या पाण्यातल्या ऑस्ट्राकॉडांना मात्र हा नियम लावू नये. त्यांपैकी अनेकांची अंडी कोरड्यातही तग धरतात आणि वाऱ्याबरोबर किंवा पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून दूर पोहोचतात. आपल्या नागपूरजवळच्या छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधील गाळात, गोड्या आणि मचूळ पाण्यातले ऑस्ट्राकॉड सापडले आहेत. पण समुद्राचे पाणी तिथवर आले होते, हे अनुमान त्यांच्यासोबत मिळालेल्या, समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सूक्ष्मजीवांच्या कवचांवर अधिक भक्कमपणे उभे राहते.