टॉर्क एक, पोलिश शब्द चार

प्रश्न : पोलंडला जाणाऱ्या गिअरबॉक्सची माहितीपुस्तिका इंग्रजीतून पोलिशमध्ये करायची आहे. भाषांतराच्या सॉफ्टवेअरने ‘टॉर्क’ (फिरवणारा किंवा पिळणारा जोर) दिसेल तिथे ‘मोमेंट ओब्रोतोवी’ घातले आहे. तसेच ठेवावे का?

उत्तर : ठेवू नका. पोलिशमध्ये आधी विचारावे लागते, कसला टॉर्क? भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला, म्हणजे बल गुणिले लंबांतर, तो ‘मोमेंट शिवी’, अर्थात ‘बलाचा मोमेंट’ (मोमेंट म्हणजे इथे क्षण नव्हे, आघूर्ण). ‘शिवा’ म्हणजे बल आणि त्याची षष्ठी ‘शिवी’. मराठी कान दचकतो खरा, पण उच्चार जवळपास तोच आहे. इंजिन किंवा मोटर शाफ्टवर जो टॉर्क देते तो ‘मोमेंट ओब्रोतोवी’. बोल्ट आवळताना द्यायचा तो ‘मोमेंट दोक्रेंत्सान्या’. आणि शाफ्टला पीळ बसून तो तुटेल का, हे तपासताना येणारा ‘मोमेंट स्क्रेंत्सायोंत्सी’.

गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत यातले शेवटचे तीन नक्की भेटतील. क्षमतेच्या तक्त्यात दुसरा, जुळणीच्या सूचनांत तिसरा, शाफ्टच्या हिशेबात चौथा. ‘एम-८ बोल्ट २५ न्यूटन-मीटरला आवळा’ या वाक्यात ‘ओब्रोतोवी’ आले तरी फिटरला अर्थ लागेल. पण पुस्तिका यंत्राने लिहिली हे पहिल्याच पानावर कळेल. टॉर्क रेंचच्या, म्हणजे ठरलेल्या टॉर्कला आवळणाऱ्या पान्याच्या, नावात मात्र मोमेंट नाहीच. तो ‘क्लूच दिनामोमेत्रिच्नी’.

चिन्हेही बदला. इंग्रजी पुस्तिकेत टॉर्कला ‘टी’ किंवा ग्रीक ‘टाउ’ असते, पोलिश अभियंता ‘एम’ लिहितो. ‘टी’ तशीच राहिली तर घोटाळा होतो, कारण पोलंडच्या शालेय पुस्तकांत ‘टी’ म्हणजे बऱ्याचदा घर्षणबल. घर्षणाला ‘तार्च्ये’ म्हणतात, त्यातलेच आद्याक्षर.

आकड्यांत तर फारच जपा. पोलिशमध्ये दशांशाला स्वल्पविराम लागतो. इंग्रजी तक्त्यात हजारासाठी स्वल्पविराम घालून लिहिलेला १,४५० हा वेग पोलिश वाचक ‘एक दशांश चार पाच’ असा वाचेल. तिथे सरळ १४५० लिहा. उलट ४९.४ न्यूटन-मीटरचे ४९,४ करा. तक्ता बरोबर उतरला का, हे पाहायला एक हिशेब पुरतो : किलोवॅट गुणिले ९५५०, भागिले मिनिटाचे फेरे. ७.५ किलोवॅट आणि १४५० फेऱ्यांना ४९.४ न्यूटन-मीटर येते. मूळ तक्ता पाउंड-फुटांत असेल तर १.३५६ ने गुणा.

प्रश्न : ‘अँग्युलर मोमेंटम’साठी (कोनीय संवेग) मी ‘कोंत’ म्हणजे कोन आणि ‘पेंत’ म्हणजे संवेग जोडून ‘पेंत कोंतोवी’ केले. तपासणाऱ्याने ते खोडले. का?

उत्तर : कारण तो साचा इंग्रजीचा आहे. मराठीनेही ‘कोनीय संवेग’ म्हणताना तोच साचा घेतला, म्हणून आपल्याला तो नैसर्गिक वाटतो. पोलिशमध्ये रूढ संज्ञा ‘मोमेंट पेंदू’, म्हणजे ‘संवेगाचा मोमेंट’. अक्षापासूनचे अंतर आणि संवेग यांचा गुणाकार, ही व्याख्याच नावात बसली आहे आणि ‘मोमेंट शिवी’शी त्याची जोडीही जमते. बलाचा मोमेंट संवेगाचा मोमेंट बदलतो, हा नियम पोलिश विद्यार्थ्याला नावांवरूनच दिसतो. आमच्या मते इथे पोलिशने बाजी मारली आहे.

यांत्रिकीच्या पुस्तकांत याच राशीला ‘क्रेंत’ असाही आटोपशीर शब्द आहे. तो पिळण्या-वळण्याच्या धातूतून आला आहे. शालेय मजकुरात ‘मोमेंट पेंदू’, तांत्रिक मजकुरात दोन्ही चालतात. पण एका पुस्तकात एकच ठेवा.

आणखी एक खबरदारी. ‘कोंत’मधल्या ‘ए’ अक्षराला खाली शेपटी असते. ती गळली की शब्द होतो ‘कात’, आणि त्याचा अर्थ जल्लाद. फाँट बदलताना ही शेपटी हमखास गळते, म्हणून छपाईपूर्वी ‘प्रेन्त्कोश्च कोंतोवा’ (कोनीय वेग) हे शब्द फाइलमध्ये शोधून पाहा.

प्रश्न : जुन्या मोटरच्या पोलिश कागदांत ‘मोमेंट झामाखोवी’ आहे. तो ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’च (जडत्वाचा मोमेंट) ना?

उत्तर : नाही, आणि ही चूक महागात पडते. मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे ‘मोमेंट बेझव्वाद्नोश्ची’. ‘झामाखोवी’ ही जुन्या कॅटलॉगमधली राशी : वजन गुणिले परिभ्रमण-व्यासाचा वर्ग (सगळे वस्तुमान ज्या एका वर्तुळावर आहे असे मानता येते, त्याचा व्यास). त्रिज्येऐवजी व्यास घेतल्यामुळे आकडा चौपट येतो, म्हणून ४ ने भागावे लागते. कागदावर २ किलोग्रॅमबल-वर्गमीटर असेल, तर जडत्वाचा मोमेंट ०.५ किलोग्रॅम-वर्गमीटर. न भागता तसाच वापरला तर ब्रेक आणि कपलिंग उगाच अवजड निवडले जातात, आणि मोटर वेग घ्यायला किती वेळ लावेल हा अंदाजही चुकतो.

‘बेझव्वाद्नोश्च’ आणि ‘इनेर्त्स्या’ हे दोन्ही शब्द पोलिशमध्ये आहेत. मोमेंटच्या जोडीला पहिलाच घ्या. पण ‘इनर्शियल फ्रेम’ला (न्यूटनचे नियम जसेच्या तसे लागू पडतात ती संदर्भचौकट) मात्र ‘ऊक्वात इनेर्त्स्याल्नी’च म्हणतात. असे का, याला नियम नाही, रूढी आहे.

प्रश्न : ‘रोटेशन’ला ‘रोतात्स्या’ चालेल का?

उत्तर : वस्तू फिरण्यासाठी ‘ओब्रूत’ किंवा ‘रुख ओब्रोतोवी’ लिहा. ‘रोतात्स्या’ म्हणताच गणिताच्या माणसाला सदिश क्षेत्राचा ‘कर्ल’, म्हणजे ते क्षेत्र एखाद्या बिंदूपाशी किती गरगरते याचे माप, आठवतो. पृथ्वीच्या बाबतीत परिवलन ते ‘रुख ओब्रोतोवी’ आणि परिभ्रमण ते ‘रुख ओब्येगोवी’. आपल्यासारखेच दोन वेगळे शब्द. फेऱ्यांची संख्या शब्दांत लिहायची असेल तर १ ओब्रूत, २ ते ४ ओब्रोती, ५ पासून ओब्रोतूफ. १२ ते १४ लाही ओब्रोतूफच, पण २२ ला पुन्हा ओब्रोती. दीड फेऱ्याला एकवचनी षष्ठी, ‘ओब्रोतू’. तक्त्यात ‘ओब्र./मिन’ असे संक्षिप्त रूप घातले की ही कटकट उरत नाही.