कूलरसमोर बसून गाणी आणि गेम, दोन्हीला एकच हेडफोन

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा: वरुडजवळचं गाव, बजेट दहा हजारांच्या आसपास, रात्री लॅपटॉपवर व्हॅलोरंट नि काउंटर-स्ट्राइक, फोनवर बीजीएमआय, बाकी वेळ गाणी. क्लोज्ड-बॅकच (मागून बंद कपाचा) पाहिजे, तर गेमिंगवाला घेऊ की स्टुडिओवाला? शेवटी तू सहज एक ओळ टाकलीस, "खोलीत कूलर चालू असतो, आणि मला चष्मा आहे." माझ्या मते सगळा प्रश्न त्या ओळीतच आहे. ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) ४० एमएमचा की ५० चा, डब्यावर ७.१ (चहूबाजूंनी आवाज येतो असा दावा) लिहिलंय की नाही, हे सगळं नंतरचं.

मी दारव्ह्याकडचा. शेती आहे, लग्नसराईत साउंड लावतो, आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंगही माझ्याकडेच असतं. गेम खेळतो तो घरातले झोपल्यावर. म्हणजे तुझ्यासारखाच, एकाच हेडफोनवर सगळं भागवणारा.

आधी कूलर. आपल्याकडचा लोखंडी कूलर दोन आवाज करतो. एक पाण्याची नि हवेची सळसळ, ती वरच्या पट्टीतली. दुसरी मोटर-पंख्याची घरघर, ती खालच्या पट्टीतली. बंद कप सळसळ चांगली अडवतो, पण घरघर त्यातून आरपार येते, कारण खालचे सूर कुशनला फारसे जुमानत नाहीत. मग होतं काय, घरघरीखाली गाण्यातला बेस दबतो, आपण बेस वाढवतो, आवाजही वाढवतो. गेममध्ये तोच वाढवलेला बेस समोरच्याच्या पावलांवर बसतो. बॉम्ब झकास वाजतो आणि मागून आलेला पोट्टा ऐकूच येत नाही. म्हणून "एक्स्ट्रा बेस" लिहिलेला डबा मी तुला घेऊ देणार नाही. आणि पहिला इलाज फुकटचा आहे: कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असेल तर त्याचा पत्रा खिडकीच्या चौकटीला टेकू देऊ नको, मध्ये जुन्या ट्यूबचं रबर घाल. बरीच घरघर तिथेच मरते.

नॉइज कॅन्सलिंगवाले याच घरघरीवर सगळ्यात जास्त चालतात, हे खरं. एकसुरी खालचा आवाज त्यांना बरोबर सापडतो. पण या भावात जे मिळतात ते बहुतेक ब्लूटूथचे, आणि ब्लूटूथवर गेम खेळायचा नाही. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथने आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये २०० मिलिसेकंद म्हणजे बारा फ्रेम. गोळी लागून गेल्यावर बंदूक वाजते. वर लॅपटॉपवर ब्लूटूथचा माइक चालू केला की बहुतेक हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातात, आणि आवाज टेलिफोनसारखा होतो. तेव्हा वायरवालाच घे.

आता चष्मा. क्लोज्ड-बॅकमधला बेस कप कानाभोवती हवाबंद बसण्यावर अवलंबून असतो. दांडीमुळे कुशन जिथे उचललं जातं तिथून बेस गळतो. घरी तपासायची माझी रीत सांगतो. चष्मा लावून, ढोलकी किंवा बेस गिटार असलेलं गाणं हळू आवाजात लाव. मग दोन्ही तळव्यांनी कप अलगद डोक्याकडे दाब. दाबल्यावर बेस एकदम भरला, म्हणजे एरवी तो गळत होता. दाबून फारसा फरक नाही, तर तो हेडफोन तुझ्या डोक्याला बसला. हजार रिव्ह्यू वाचण्यापेक्षा हे तीस सेकंद कामाचे. बारीक दांडीची फ्रेम असेल तर आणखी बरं.

माझी फजिती ऐक. पहिला "गेमिंग हेडसेट" मी नागपूरला सीताबर्डीत एका दुकानातून आणला, लाल-निळे लाइट, ७.१ वगैरे. कंपनीचं नाव राहू दे. दुसऱ्याच मे महिन्यात कुशनचं रेक्झिन सुटायला लागलं. एका सकाळी बायको म्हणाली, "तुमच्या कानामागे हे काय काळं काळं?" घामाने ओलं झालेलं कातडं कपट्या-कपट्यांनी मानेला चिकटलं होतं, उशीवरही पडलं होतं. आणि वेगळे पॅड बाजारात मिळेनात. लाइट मात्र अजून लागतात. तेव्हापासून मी आधी बघतो ते हे की पॅड निघतात का, आणि बदली मिळतात का. ४५ डिग्रीत नकली चामडं असंच जाणार, कोणाचंही असो.

तर पर्याय. माझा कौल ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्सला. ४० एमएमचा ड्रायव्हर, ३५ ओहम, म्हणजे फोन-लॅपटॉपवर आरामात वाजतो. वायर निघते, डब्यात दोन येतात, एक गुंडाळीची आणि एक तीन मीटरची सरळ. तुटली तर हेडफोन टाकावा लागत नाही. बेस फुगवलेला नाही, म्हणून पावलं स्वच्छ येतात. खोट एकच, मूळ पॅड उथळ आहेत, मोठ्या कानाला आतून टेकतात. त्यावर बाहेरचे जाड, कापडी किंवा अर्धे वेलूरचे (मखमलीसारखं कापड) पॅड बसवायचे. वेलूर थोडा आवाज आत सोडतं, बेसही जरा कमी होतो, पण कान उकडत नाही. उन्हाळाभर मी तो सौदा मान्य करतो, दिवाळीनंतर मूळ नकली चामड्याचे परत लावतो.

थोडे पैसे वर टाकता आले तर बेयरडायनामिक डीटी ७७० प्रो. ८० नि २५० ओहमवाल्याला वेलूरचे पॅड मुळातच येतात, ३२ वाल्याला नकली चामड्याचे; चष्म्याला वेलूरवालाच जास्त मानवतो. मात्र ओहम बघून घे. तो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. २५० वाला फोनवर मरतुकडा वाजेल, तुला ३२ किंवा फार तर ८०. वायर पक्की जोडलेली आहे, आणि वरचा आवाज जरा टोकदार आहे. हे मला कळलं खंजेरीवरून. तुकडोजी महाराजांची भजनं आमच्याकडे खंजेरीवरच होतात. त्या खंजेरीच्या झांजा डीटीवर तासाभराने टोचायला लागतात, एम४०एक्सवर नाही. तूही घेताना असंच एखादं ओळखीचं वाद्य धर, टाळ किंवा खंजेरी. ऐकून कंटाळा न येता कान थकले, तर तो हेडफोन तुझा नाही.

सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून चालू आहे आणि रेकॉर्डिंगवाल्यांचा लाडका, पण त्याचे पातळ पॅड आपल्या घामापुढे टिकणार नाहीत, म्हणून तुला सांगत नाही.

गेमिंग हेडसेट अगदीच वाईट असं नाही. हायपरएक्स क्लाउड टूसारखे जुने, साधे मॉडेल गाण्यालाही चालतात, आणि त्यांची माइकची दांडी तोंडाजवळ येते. कूलरच्या खोलीत ती मोठी सोय आहे. तू रोज टीमशी बोलत खेळत असशील तर त्याकडे जा. कधीमधी बोलत असशील तर एम४०एक्स आणि कॉलरला लावायचा छोटा माइक घे, आणि पुश-टू-टॉक (बटण दाबलं तरच माइक चालू) ठेव. नाहीतर टीमला तुझ्याआधी तुझा कूलर ऐकू जाईल.

एकच हेडफोन दोन्हीला चालवायची खरी जागा सेटिंगमध्ये आहे. विंडोजवर इक्वलायझर एपीओ (बेस-ट्रेबल कमीजास्त करायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो. त्यात दोन प्रोफाइल कर. गाण्याचं सरळ ठेव. गेमच्या प्रोफाइलमध्ये १५० हर्ट्झच्या खालचं तीन-चार डेसिबलने उतरव, बस. वरचं चढवायच्या भानगडीत पडू नको, खालचं उतरलं की पावलं आपोआप वर येतात. अँड्रॉइड फोनवर वेव्हलेट ॲपने हेच जमतं.

आणि ते ७.१ विसर. हेडफोनला कान दोनच. दिशा कळते ती दोन कानांत आवाज पोचायच्या मिलिसेकंदाहून लहान फरकाने आणि कानाच्या पाळीमुळे बदलणाऱ्या आवाजाने, आणि त्याची नक्कल सॉफ्टवेअर करतं, त्याला एचआरटीएफ म्हणतात. व्हॅलोरंट नि काउंटर-स्ट्राइक, दोन्हींत ते आतच आहे. बंद असेल तर चालू कर आणि विंडोजचं किंवा हेडसेटचं सराउंड बंद ठेव. दोन्ही एकदम चालू राहिले तर मागचा माणूस डोक्यात बसल्यासारखा वाटतो.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की हेडफोनमध्ये गूं आवाज येतो, पिनेला हात लागला तर मुंग्या येतात, असं होत असेल तर हेडफोन बदलून उपयोग नाही. घराची अर्थिंग बघ. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती ठणठणीत कोरडी होते. वायरमनकडून तपासून घे आणि खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओत. माझ्याकडची गूं गेली ती अशीच. तुझा चार्जर दोन पिनेचा असेल तर मात्र अर्थिंगने फरक पडणार नाही, तेव्हा खेळताना बॅटरीवर खेळून बघ.

आवाज किती ठेवायचा, तर जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल. मोजायला यंत्र नसतं, म्हणून माझी खूण अशी: कूलर बंद करून आवाज लाव, जेवढा पुरतो त्याच्या फार तर दोन खुणा वर. आणि बंद कपात आईची हाक ऐकू येत नाही, हे घरात आधीच सांगून ठेव. शेताला रात्रपाळीची लाइन असेल तर पाण्याच्या मोटरला ऑटो स्विच लाव, नाहीतर तू रँक चढवत राहशील आणि संत्र्याला पाणी नाही.

मागवताना परत करता येईल तिथूनच मागव. कुरिअरवाला गावात न येता वरुडच्या स्टँडवर बोलावत असेल, तर परतीचा माल कुठे द्यायचा तेही त्यालाच विचारून ठेव. पहिल्या दिवशी चष्मा लावून, कूलर चालू ठेवून दोन तास सलग घाल, डबा फाडू नको.

फोनला गोल पिनेची जागा आहे का, ते तू लिहिलं नाहीस. नसेल तर टाइप-सी डोंगल लागेल. आपल्या स्टँडवरची स्वस्तातली घेऊ नको, त्यातल्या काही सगळ्या फोनवर चालत नाहीत. आत स्वतःचा डॅक (डिजिटल आवाज हेडफोनला वाजेल असा करणारी चिप) असलेली घे, ती लॅपटॉपलाही चालेल. फोनचं मॉडेल कळव, मग कोणती ते सांगतो.