लांबच्या गाडीचा पहिला प्रवास: एवढं सांभाळा

मुंबई–हावडा पहिल्यांदाच ना? जमेल. तत्काळचं गणित नंतर शिका, आधी तिकिटावरची स्थिती वाचा. आरएसी म्हणजे साइड लोअर बर्थवर दोघांनी बसून रात्र काढणं. ऑनलाइन तिकीट चार्टनंतरही (म्हणजे गाडी सुटण्याआधी जागांची अंतिम यादी लागल्यावरही) पूर्ण वेटिंगच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं; ते घेऊन चढू नका.

नवखे हमखास चुकतात ते उतरून पकडायची पुढची गाडी दोन तासांवर ठेवून. निदान सहा तास सोडा. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जाणं रद्द करायचं असेल, तर ती सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) भरा; पूर्ण पैसे मिळतात.

- स्लीपरला चादर-उशी नसते.
- मधला बर्थ झोपायला उघडायचा तो रात्री 10 ते सकाळी 6. दिवसा आडवं व्हायचंय? वरचा घ्या.
- संडासात पाणी नसेल तर रेल्वेच्या 139 हेल्पलाइनवर पीएनआर (तिकिटावरचा क्रमांक) देऊन तक्रार करा, मोठं स्टेशन येण्याआधीच.