भाचा दीड वर्षाचा आहे. हाक मारली तर बघत नाही, बोट करून काही दाखवत नाही. ऑटिझम असेल का? आणि त्याच्या आईवडिलांना आधार कुठे मिळेल?

असू शकतो. दाखवून घ्या, आणि लवकर. "मुलगे उशिराच बोलतात" असं घरात कोणीतरी म्हणणारच. म्हणू द्यावं, अपॉइंटमेंट मात्र रद्द करू नये.

मी आजी आहे, निवृत्त बालवाडी शिक्षिका. घरातली म्हातारी माणसंच "थांबा" म्हणतात असा समज आहे, आमच्याकडे उलटं झालं. नातू दीड वर्षाचा झाला तरी बोलत नव्हता, पण बोलणं पुढेमागे होतं, त्याचं मला एवढं वाटलं नाही. खटकलं ते वेगळंच. उंचावरचा डबा हवा असला की तो माझं मनगट धरून ओढत न्यायचा, माझा हात झाकणावर ठेवायचा आणि नजर डब्यावर. माझ्या तोंडाकडे एकदाही नाही. हात तेवढा कामाचा, आजीशी देणंघेणं नाही! त्या वयाचं मूल विमान दिसलं की बोट करतं आणि लगेच वळून आपल्याकडे बघतं, आपल्यालाही दिसलं का म्हणून. ते वळून बघणंच नव्हतं. बरं, ऐकू येत नाही म्हणावं तर आतल्या खोलीत ठरावीक जाहिरात लागली की पळत सुटायचा. नावाने हाक मारली की ढिम्म.

मुलाला सांगितलं तर म्हणाला, "आई, तुला प्रत्येक पोरात खोट शोधायची सवयच आहे." सून गप्प. नणंदबाईंनी मात्र निकालच देऊन टाकला: आई दिवसभर कामावर, पोराशी बोलणार कोण?

हे आठवलं की अजूनही डोकं तापतं. आई मायेने वागत नाही म्हणून मूल असं होतं, हे खूळ एकेकाळी डॉक्टरांनीच पसरवलं होतं. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, १९६४ मध्ये ते खोडून काढलं. पुढच्या संशोधनात आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. म्हणजे बोट दाखवायचंच ठरवलं तर ते तुमच्या माहेराकडेही वळतं, वन्सं. उद्या कोणी लसीचंही काढेल. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा तो १९९८चा शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, विषय संपला.

नातवाचं निदान दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास झालं. तुम्ही बाळाच्या वाढ-विकासातल्या तज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांकडे जा. एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच आहे, ती भरून घ्या. कानांची तपासणी करा, ती टाळू नका. आणि निदानाचा कागद हातात येईपर्यंत स्पीच थेरपी अडवून धरू नका.

पालकगटांचं म्हणाल तर थेरपी सेंटरच्या बाकावर बसलेल्या आयांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. १९६२ मध्ये लंडनमध्ये पालकांनीच एकत्र येऊन संस्था काढली होती. लॉर्ना विंग त्यांतल्याच, मनोविकारतज्ज्ञ आणि ऑटिस्टिक मुलीची आई. आमची सून आधी "तिथे नुसतं रडगाणं असेल" म्हणत टाळत होती. गेली, तर तिला पहिला प्रश्न आला, "रात्री झोपतो का गं?" ती कुठे कमी पडली हे कोणी विचारलं नाही. मात्र गटात कोणी "पूर्ण बरा करून देतो" म्हणत गोळ्या-पावडरी विकू लागला, तर उठून चालू लागा.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. एखाद्याच लक्षणावरून काही ठरत नाही. असलेले शब्द गेले असतील तर मात्र एक दिवसही थांबू नका. बहिणीला हे एकटीला गाठून सांगा, चारचौघांत नको. आणि तिच्या नोकरीवर कोणी घसरलं तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या. आमच्या वन्संना दोनदा पाठवलंय, वाचल्याची खूण दिसते, बाकी काही नाही.