गोकर्णाच्या वेलाला पानं भरपूर, फूल एकही नाही. कोणतं खत घालू?

कोणतंच नाही. गच्चीवरच्या कुंडीत दर पंधरा दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) आणि मधूनमधून युरिया चालू आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग वेल फुलेल कशाला? जालन्याचे आहात, तेव्हा माजलेल्या हरभऱ्याला घाटे कमी लागतात हे तुम्हाला सांगायला नको. गोकर्ण त्याच कुळातला. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात. वरून खतातून नत्र ओतला की गाठी कमी धरतात आणि वेल नुसता पाल्यावर जातो. आमच्या थोरल्या भावाशी माझा हाच वाद. तुरीला युरिया न देणारा माणूस अंगणातल्या वेलाला मात्र ‘फुलझाड आहे’ म्हणून मूठभर फेकतो!

आधी खत थांबवा. तळातून वाहून जाईल इतकं पाणी दोन-तीनदा द्या, साचलेले क्षार निघतील. मग वेल एक तृतीयांश छाटा. फूल नव्या फुटव्यावर, पानाच्या बेचक्यात येतं. ऊन किमान सहा तास थेट हवं. कुंडी टाकीच्या सावलीत असेल तर खताचा विषयच सोडा. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी. महिन्याभराने चमचाभर सिंगल सुपर फॉस्फेट (यात नत्र नसतो) कुंडीच्या कडेने मातीत मिसळा. राख नको, आपल्याकडे मातीत चुना आधीच जास्त.

जमिनीत हा वेल काळ्या मातीत मजेत वाढतो. कुंडीत मात्र तीच माती पावसाळ्यात चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळते. निम्मी माती, पाव वाळू, पाव कुजलेलं शेणखत घ्या.

शेंगा हिरव्या असतानाच खुडा, नाहीतर वेल बी भरण्यात गुंततो आणि फुलं कमी होतात. बियाण्यापुरत्या चार-दोन ठेवा आणि तपकिरी होताच काढा. वाळलेली शेंग पिळवटून तडकते, बी उडून जातं. बी कडक असतं. एका बाजूने सँडपेपरवर घासून रात्रभर भिजवा, फुगलेलंच दीड सेंटिमीटर खोल लावा. न फुगलेलं पुन्हा घासा. दीड-दोन महिन्यांत फूल दिसतं.

हो, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. लोक तिथेही युरियाच टाकतात. लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळी फवारा. एप्रिल-मेमध्ये पानामागे बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी ही रस शोषणारी कीड. मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा.

चहासाठी एकेरी-दुहेरी कुठलंही निळं फूल चालतं, पण औषध फवारलेल्या वेलाचं नको. बी आणि मूळ रेचक आहेत, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आणि घरात कुणी युरियाचा हट्ट धरत असेल तर दोन कुंड्या करा, एकीला युरिया, दुसरीला काही नाही. दोन महिन्यांनी फुलं मोजायला त्यालाच बसवा.