‘भारतात असती तर एव्हाना वॉर्डात गेली असती’

न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. त्या डिसेंबरातही ते आलं. वडील म्हणाले, “पुण्यात हिची मावसबहीण एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात जायला लागली. आणि आमची अजून फिजिक्सच शिकतेय!”

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, प्री-मेड, म्हणजे चार वर्षांची पदवी घेता घेता पुढच्या मेडिकलची तयारी. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी प्लस मिळाला होता. आई गप्प, मुलगी त्याहून गप्प. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) वडिलांनी तोडगाही आणला होता : इथलं सोडायचं, महाराष्ट्रात एखाद्या खासगी कॉलेजात एनआरआय कोट्यातून बसवायचं. वर्षं तरी वाचतील.

प्री-मेडची ही चार वर्षं खरंच वाया जातात का, या प्रश्नाचं उत्तर मी कधी उडवून लावत नाही. त्यामागे पैसा आहे, वय आहे, मुलीची काळजी आहे.

आधी हिशेब मांडला. एनआरआय कोटा झाला तरी नीट द्यावीच लागते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, वर एक वर्ष इंटर्नशिप. परत अमेरिकेत यायचं तर यूएसएमएलई, म्हणजे इथली डॉक्टरी परवान्याची परीक्षा, आणि मग रेसिडेन्सीची मॅच, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या जागांचं वाटप. इथल्या कॉलेजातून एमडी (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) होणाऱ्यांपैकी साधारण 93 टक्क्यांना मॅच मिळते. बाहेर शिकून आलेल्या अमेरिकी नागरिकांमध्ये हे प्रमाण गेल्या काही वर्षांत 67 टक्क्यांच्या आसपास आहे. मुलीला भारतातच राहायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण तिला राहायचं इथेच होतं. मग वाचलेल्या वर्षांच्या बदल्यात आपण काय गमावतोय, तेही पाहायला हवं.

वडील पटकन म्हणाले, “अहो, आनंदीबाई जोशी इथेच, फिलाडेल्फियात, थेट मेडिकलला बसल्या होत्या ना?”

मला तो प्रश्न फार आवडला. हो, 1883 मध्ये त्या अठरा वर्षांच्या असताना आल्या आणि 1886 मध्ये एमडी झाल्या. तेव्हा आधी पदवी हवी असा नियमच सर्वत्र नव्हता. 1893 मध्ये जॉन्स हॉपकिन्सने मेडिकल कॉलेज सुरू करताना पदवीची अट घातली. इथल्या मेडिकल कॉलेजांची पाहणी करणाऱ्या 1910 च्या फ्लेक्सनर अहवालाने कुणालाही फी घेऊन डॉक्टर करणाऱ्या संस्थांवर कोरडे ओढले आणि निदान दोन वर्षं कॉलेजचं शिक्षण हवं असं सांगितलं. (त्या लाटेत कृष्णवर्णीयांची सातपैकी पाच मेडिकल कॉलेजं बंद पडली. ती जखम मोठी आहे, तीही विसरू नये.) आजचं प्री-मेड या वाटेने आलं आहे.

प्री-मेड ही पदवी नव्हेच. बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री असे ठरावीक विषय करायचे, पदवी मात्र कशातही घ्या. इतिहास घेतलेली मुलंही मेडिकलला जातात. 2015 पासून एमकॅटमध्ये, म्हणजे इथल्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा स्वतंत्र भाग आहे, आणि उतारे वाचून विचार करायला लावणारा एक पूर्ण भाग आहे. पेशंटचं ऐकता यावं यासाठीच ही सगळी तयारी.

मग मी मुलीशी एकटीशी बोलले. ती म्हणाली, “मावशी, सी प्लस म्हणजे मी डॉक्टर व्हायच्या लायकीची नाही, हो ना?”

मी विचारलं, “आजारी माणसाशेजारी आजवर किती वेळ बसलीस?”

ती खूप वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “आजी आजारी होती तेव्हा. व्हिडिओ कॉलवर.”

माझ्या मते प्री-मेडचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे, आणि मार्कांच्या धांदलीत तोच सुटतो. ऑर्गॅनिकचा सी प्लस भरून निघतो. आपल्याला आजाऱ्याजवळ थांबता येतं की नाही, हे मात्र मेडिकलच्या कर्जात अडकण्याआधी कळलेलं बरं. इथे कर्ज काढून डॉक्टर होणाऱ्यांच्या डोक्यावर साधारण दोन लाख डॉलर असतात. माझ्याकडची काही मुलं वीस-एकविसाव्या वर्षी या वाटेवरून बाजूला झाली, पब्लिक हेल्थकडे गेली. त्यांची ती वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही.

आम्ही चौघांनी मिळून ठरवलं. ऑर्गॅनिकचा तो कोर्स पुन्हा करायचा नाही, कारण एमडीच्या अर्जात दोन्ही ग्रेड धरल्या जातात. त्याऐवजी पुढचे विषय नीट करायचे, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (शंका विचारायच्या ठरलेल्या वेळी) जायचं, एकटीने कुढत बसायचं नाही. उन्हाळ्यात ईएमटीचा, म्हणजे अँब्युलन्सवर प्रथमोपचार करण्याचा, कोर्स, मग गावच्या अँब्युलन्स स्क्वॉडवर रात्रपाळी.

पहिल्या काही पाळ्यांनंतर तिने मला फोन केला. पडलेल्या एका आजोबांना उचलायला ती गेली होती. लागलं फारसं नव्हतं. पण ते तिचा हात सोडेनात. “मी काहीच केलं नाही, मावशी. नुसता हात धरून बसले. निघावंसं वाटत नव्हतं.”

त्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत ए मायनस आला. एमकॅट तिने घाईने दिली नाही. कॉलेजनंतर एक वर्ष थांबून क्लिनिकमध्ये काम करीन म्हणाली. घरी पुन्हा काळजी : अजून एक वर्ष! मी सांगितलं, हल्ली इथे मेडिकलला लागणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं निदान एक वर्ष थांबूनच येतात.

गेल्या महिन्यात वडिलांचा फोन आला. मावसबहिणीचं नाव निघालं नाही. लेक रात्रपाळीहून येते तेव्हा तिच्यासाठी पोहे करून ठेवतो, म्हणाले. मग जरा घुटमळून विचारलं, “एमकॅट जानेवारीत द्यावी की एप्रिलमध्ये?”

“तिला विचारलंत?”

“झोपलीय अजून. उठली की विचारतो.”